चारशे फेरे कमी

पहाटे साडेपाचला हुमैदचं विमान बांधून ठेवलं आम्ही,
शेपटीला दोर, दोराचं दुसरं टोक माझ्या पिकअपच्या हुकाला.
उम्म अल कुवैनच्या धावपट्टीवर तेव्हा
फक्त दव असतं, आणि पलीकडच्या खाडीतून तिवरांचा वास,
बाणकोटच्या वासाहून जो मला
एकोणीस वर्षांनीही वेगळा काढता येत नाही.

पहिली चार मिनिटं काही तक्रार नाही.
काटा चोपन्नशेवर.
पाचव्या मिनिटाला, मागून कुणी सदरा धरावा
तसा काटा अडतो, मागे येतो. पाच हजार.
चारशे फेरे कमी.
जमिनीवर चारशे म्हणजे काहीच नाही.
तिवरांच्या वर, दोनशे फुटांवर, चारशे म्हणजे
हुमैदची बायको मौजा माझ्याकडे बघते ते बघणं.

इंजिन गाडीचं, शारजाहच्या भंगारातून आणलेलं.
त्यात दट्ट्या नाही, झडप नाही.
शेंगेच्या टरफलासारखी पोकळी, कमरेत जराशी आवळलेली,
आणि आत तीन कोनांचा लोखंडी समोसा गरगरतो.
पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी हसलो होतो.

आधी पेट्रोल. सगळे आधी पेट्रोलवरच संशय घेतात.
गाळणी कापून पांढऱ्या फडक्यावर झटकली:
वाळूचे सात कण.
सात कणांनी विमान पडत नाही.
पंपाचा दाब ठीक. नळीत बुडबुडे होत असतील
म्हणून ओलं फडकं गुंडाळलं, फडकं वाळलं,
काटा मागे आलाच.
प्लग काढले, चारही, टोकं चहाच्या रंगाची,
म्हणजे तब्येत उत्तम.
कॉइल बदलल्या, माझ्या पैशांनी.
हुमैदला म्हटलं, पडून होत्या गॅरेजमध्ये.

मग ज्याची भीती होती ते. कोपऱ्यांच्या पट्ट्या.
त्या झिजल्या असतील तर सगळं उघडायचं,
सहा वर्षांचं काम टेबलावर, नट वाटीत.
बॅटरीची तार सोडून हुमैदनं पंखा हातानं फिरवला,
मी कान भोकाशी लावला.
फुस्. फुस्. फुस्.
काय म्हणतंय?
मी नुसतं बोट वर केलं. दुसरी खोली.
फुस्. फुस्. फुस्.
सहाही सारखे, सख्ख्या भावांसारखे.
आनंद व्हायला हवा होता.
आम्ही दोघं पंखाखाली बसून खजूर खात राहिलो,
बिया मोजत.

पीरदाद म्हणजे पहारेकरी. विमानातलं त्याला काही कळत नाही,
हे तोच आधी सांगतो.
तो मागे उकिडवा बसलेला असायचा, झाडू आडवा धरून.
म्हणाला, उस्ताद, तुमचा धूर लागतो ना,
तिथली वाळू आधी उडते.
मग उडायची थांबते.

कधी?

तुम्ही शिव्या द्यायला लागता त्याच्या जरा आधी.

आठ दिवस आम्ही विचारत होतो आत काय पोचत नाही.

सायलेन्सर थंड होईपर्यंत दम निघाला नाही,
दोन्ही तळहातांना फोड घेऊन ग्राइंडर लावला.
आत जाळीचा पडदा, एका बाजूचा टाका सुटलेला.
तापला की आडवा पडून वाट अडवायचा,
निवला की भिंतीला पाठ लावून उभा, साळसूद.
आम्ही नेहमी निवल्यावर बघायचो.

दुसऱ्या दिवशी पाचवं मिनिट आलं, सहावं आलं.
काटा चोपन्नशेवर, दोर ताठ,
पिकअप वीतभर मागे ओढली गेली.
मागे पीरदादच्या झाडूवर वाळूचा पाऊस.

ती जाळी मी खोलीवर आणली.
तव्याखाली ठेवतो, आच सारखी पसरते.

मौजानं गहव्याचा पेला हातात दिला,
विचारलं, हिशोबात काही राहिलंय का?
तीनशे चाळीस दिरहम, कॉइलचे.
म्हटलं, नाही. काहीच नाही.